बायोस एएसपीएमला नकार देतो असा मेसेज लिनक्स दाखवतं. फोर्स करू का?

एएसपीएम म्हणजे वायफायसारखं उपकरण रिकामं असलं की त्याची लिंक झोपवून वीज वाचवणं. बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) नको म्हणत असतानाही ते जबरदस्तीने चालू करायला लावणं म्हणजे फोर्स (pcie_aspm=force हा पर्याय). त्या फोर्सचा मोह आवरा. आधी माझं ऐका, कारण या एका मेसेजपायी माझे २८०० रुपये गेले आणि साडूशी कायमचं वाकडं आलं.

२०११ चा मे. अमळनेरला आमचं बियाण्याचं दुकान, कपाशीच्या पाकिटांना गर्दी आणि रोज लोडशेडिंग. बिलं मी लॅपटॉपवर करायचो. बॅटरी तीन तास चालायची, म्हणजे लाइट येईपर्यंत निभायचं. मग मी हौसेने उबुंटू ११.०४ हे लिनक्स टाकलं. बॅटरी दोन तासांत गार, आणि लॅपटॉप मात्र तव्यासारखा गरम.

धुळ्याचे साडू पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. आले, दोन बटणं दाबली आणि निकाल दिला, "बॅटरी मेलेली शे. आनि तुना लिनक्सच बेकार शे." त्यांच्या शब्दावर नवी बॅटरी आणली. तीही तेवढीच चालली. साडू म्हणाले, बॅटरी डुप्लिकेट असेल.

खरा घोळ वेगळाच होता. उबुंटू ११.०४ मध्ये २.६.३८ कर्नल (लिनक्सचा गाभा) होतं. बायोस लिनक्सला एफएडीटी नावाचा माहितीचा तक्ता देतो; त्यात "एएसपीएम नाही" अशी खूण दिसली की ते कर्नल सगळ्या पीसीआय एक्सप्रेस उपकरणांवरचं (म्हणजे त्या लिंकने जोडलेल्या वायफाय कार्डासारख्या भागांवरचं) एएसपीएम पुसून टाकायचं. पण कित्येक लॅपटॉपांत बायोस स्वतःच ते चालू करून ठेवतो आणि वर खूण मात्र नकाराची. आमच्या सामाईक विहिरीसारखं समजा : मोटारीच्या पेटीची किल्ली चुलत्याकडे, मोटार त्यांनीच सुरू करून ठेवलेली. किल्ली आपल्याकडे नाही म्हणून आपण फ्यूज काढायचा का?

लिनक्स कर्नलवर काम करणाऱ्या मॅथ्यू गॅरेट यांनी विंडोज काय करतं ते पाहिलं. बायोसकडून ताबा मागायची ओएससी नावाची पद्धत आहे; तीतून बायोसने पूर्ण ताबा दिला नाही, तर विंडोज त्या सेटिंगला हातच लावत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांचा बदल मार्च २०१२ च्या ३.३ कर्नलमध्ये आला. ते कर्नल टाकलं आणि माझे तीन तास परत आले. जुन्या बॅटरीवर, साडूभाऊ! जुन्या!

मधल्या काळात मी फोर्सही करून पाहिला होता. बॅटरी सुधारली, पण वायफाय मधेच गायब व्हायचं आणि एकदा ऐन गर्दीत लॅपटॉप थिजला. बिल हाताने लिहावं लागलं.

आता तुमचं. तुमचं कर्नल नवं असणार, त्यामुळे तो मेसेज आला म्हणजे काही बिघडलं असं नाही. बायोसने जे ठेवलंय ते तसंच राहतं. एलएसपीसीआय ही उपकरणांची यादी दाखवणारी कमांड रूट म्हणून (पूर्ण अधिकाराने), दोन व्ही लावून (lspci -vv) चालवा आणि प्रत्येक उपकरणाच्या लिंक कंट्रोलच्या (LnkCtl) ओळीत एल१, म्हणजे लिंकची झोप, चालू आहे का बघा. असेल तर बॅटरीचा चोर दुसरा आहे, वीज कोण खातं ते दाखवणाऱ्या पॉवरटॉपने शोधा. नसेल तर आधी बायोस अपडेट करा. फोर्सच्या जागी "ऑफ" हा पर्याय लिहिला की एएसपीएम बंद होतं, असं बरेच जण समजतात. तसं नाही. कर्नल हात आखडतं, एवढंच.

सगळं करून बंदच दिसलं, तर फोर्स एकदाच, ग्रबच्या (लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या) मेनूत ई दाबून तात्पुरता लिहा; पुढच्या बूटला आपोआप जातो. हो, डेटाचा बॅकअप घ्या, हे आधी सांगायला हवं होतं. डेस्कटॉप असेल तर या भानगडीत पडूच नका.

आणि कुणी नातेवाईक "बॅटरी मेली" म्हणाले, तर पैसे काढण्याआधी त्यांना ती लिंक कंट्रोलची ओळ वाचून दाखवायला सांगा. माझ्या साडूंनी अजून वाचलेली नाही.