क्लोझापिन चालू असताना ताप आला तर मंगळवारपर्यंत थांबू नका

ताई, भावाचा क्लोझापिनचा (स्किझोफ्रेनियावरच्या गोळीचा) नववा आठवडा, दोन दिवस ताप, घशात गिळवत नाही, गावच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंय आणि खानापूरला मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येतात तेव्हा दाखवू, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून थांबू नका. आजच सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करा. रिपोर्ट यायच्या आधीच तज्ज्ञांना फोन लावा आणि आजच्या रात्रीची गोळी द्यायची की नाही तेही विचारा. फोन लागला नाही तर बेळगावला मोठ्या दवाखान्यात कॅज्युअल्टीत न्या.

या गोळीने शंभरात एखाद्याच्या न्यूट्रोफिल पेशी झपाट्याने घटतात. जंतूंशी पहिली झुंज याच पेशी देतात. बहुतेकांना हा त्रास पहिल्या 18 आठवड्यांत होतो. डोस कमी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. 1975 साली फिनलंडमध्ये यातूनच 8 रुग्ण दगावले. दर आठवड्याला रक्त तपासायचा नियम त्यामुळे आला.

रिपोर्टमध्ये नुसता टोटल काउंट (सगळ्या पांढऱ्या पेशींचा आकडा) बघू नका. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी लॅबवाले म्हणाले, "4,000 आहे, नॉर्मल." खालच्या ओळीत न्यूट्रोफिल 32 टक्के होतं. तिथल्याच बाकावर बसून मी मोबाईलवर 4,000 चे 32 टक्के काढले, न्यूट्रोफिल 1,280 आले. 1,500 च्या सावधगिरीच्या रेषेखाली! लगेच धारवाडच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गोळी चालू ठेवली पण दिवसाआड रक्त तपासायला लावलं, आणि आकडा हळूहळू वर आला. 1,000 च्या खाली गेला असता तर गोळी थांबवावी लागली असती. हा निर्णय मात्र त्यांचा, आपला नाही. आपल्या मनाने बंद केली आणि 48 तासांपेक्षा जास्त खंड पडला, तर पुन्हा 12.5 मिलीग्रामपासून चढावं लागतं, आणि मधल्या दिवसांत जुना आजार उसळतो. आम्ही ते भोगलंय.

अँटिबायोटिकची पट्टी काढून नाव वाचा. सिप्रोफ्लॉक्सासिनने रक्तातलं क्लोझापिन वाढतं, को-ट्रायमॉक्साझोलने पांढऱ्या पेशी आणखी घटू शकतात. गावच्या डॉक्टरांना क्लोझापिन चालू असल्याचं सांगितलं होतं का? बरेच जण "डोक्याची गोळी" एवढंच सांगतात.

भाऊ विडी ओढतो का? आमच्या निपाणीकडे हे विचारावंच लागतं. विडीच्या धुराने हे औषध शरीरातून लवकर निघून जातं. तापात विडी सुटली की तोच डोस जास्त होतो, शिवाय तापानेही पातळी चढते. लाळ उशी भिजवतेय, हाक मारली तरी उठत नाही, असं दिसलं तर हेही फोनवर सांगा. तंबाखू मळून खाणाऱ्याला हा फरक पडत नाही, कारण तो धुराचा परिणाम आहे.

छातीत दुखणं, धाप, बसल्या जागी धडधड यांतलं काही असेल तर फोनही नंतर, आधी दवाखाना. पहिल्या दोन महिन्यांत क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, त्यासाठी ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी) बघतात.

रिपोर्ट आला की टोटल काउंट आणि न्यूट्रोफिलची टक्केवारी इथे टाका, गुणाकार मी लगेच करून देते. तुमच्या डॉक्टरांना मात्र त्याआधी कळवा.