भांडण दोघांचं, स्टेटस सगळ्यांना

“बायको घरातलं सगळं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर टाकते. हिचा फोनच काढून घ्यावा का?” समुपदेशनात हा प्रश्न नवरे विचारतात, अलीकडे सासूबाईही विचारतात. नाशिकच्या एका जोडप्याचा अनुभव इथे उपयोगी पडेल. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वाद झाला की रात्री अकराच्या सुमारास तिचं स्टेटस यायचं: ‘ज्यांच्यासाठी झिजलो, त्यांनाच किंमत नाही.’ नाव कुणाचंच नसायचं, तरी सकाळी मावशीचा फोन यायचा आणि दुपारी नणंदेचा. सासूबाईंनी गावाहून येणंच सोडलं. नवरा चिडून गप्प बसायचा आणि मग पुढचं स्टेटस आणखी बोचरं व्हायचं.

दोघांशी वेगवेगळं बोलल्यावर उलगडा झाला. स्टेटस कोणी पाहिलं ती यादी ती पुन्हा पुन्हा उघडायची आणि त्यात एकच नाव शोधायची, नवऱ्याचं. ते कधीच दिसायचं नाही. “ह्यांना बघावंसंही वाटत नाही,” असा तिने अर्थ काढला. प्रत्यक्षात तो प्रत्येक ओळ वाचत होता. ऑफिसच्या लोकांना निळ्या टिका दिसू नयेत म्हणून त्याने ‘रीड रिसीट्स’ बंद ठेवल्या होत्या. त्या बंद असल्या की आपण पाहिलेल्या स्टेटसखालीही आपलं नाव येत नाही. हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

निरोप एकाच माणसासाठी होता. तो पोचत नाही असं वाटल्यामुळे आवाज वाढत गेला. फोन काढून घेतला असता तर तिची बोलायची उरलीसुरली जागाही गेली असती.

तिला एक सवय सुचवली. मनात आलेलं सगळं लिहायचं, पण स्वतःच्याच नंबरवर पाठवायचं आणि वर पहिल्या ओळीत लिहायचं, हे कोणाला सांगायचं आहे. सकाळी चहा झाल्यावर ते पुन्हा वाचायचं. बहुतेक वेळा पहिल्या ओळीत ‘अहो’ असायचं. मग ते स्टेटसवर न टाकता त्यांनाच सांगायचं. त्यासाठी मुलगा झोपल्यावर वीस मिनिटं ठरवली: विषय एकच, फोन दुसऱ्या खोलीत. ऐकणाऱ्याने आधी ‘तुला असं म्हणायचंय का’ एवढंच विचारायचं, सफाई नंतर द्यायची. पहिल्या आठवड्यात तो मधेच सफाई देऊ लागला आणि ती उठून गेली. असं होतंच, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं.

सेटिंगही बदललं. ‘माझे संपर्क’ हा पर्याय असेल, तर ज्यांचा नंबर आपल्याकडे आणि आपला त्यांच्याकडे सेव्ह आहे त्या सगळ्यांना स्टेटस दिसतं. त्यात व्हॅनवाले काका आणि विमा एजंटही आले. सणावाराच्या फोटोंसाठी ‘फक्त यांनाच’ निवडून जवळची दहा-बारा नावं ठेवावीत. बदल पुढच्या स्टेटसपासून लागू होतो, आधीचं पुसावं लागतं. सासूबाईंना तेवढं ‘वगळून’ टाकायचा मार्ग मात्र आम्ही सुचवत नाही. नणंद स्क्रीनशॉट दाखवतेच, आणि वगळल्याचं दुःख मूळ शब्दांपेक्षा जास्त लागतं. इथे नवऱ्याने स्वतः गावी जाऊन आईशी बोलणं गरजेचं होतं, आणि तो गेला.

सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत नियम कडक ठेवला. त्याचे मार्क, आजारपण, रडणं किंवा ओरडा खाणं यातलं काहीच टाकायचं नाही. शाळेचं नाव दिसणारा गणवेशातला फोटोही नाही. बाकी फोटो त्याला विचारून.

घरच्यांनी एक फरक मात्र ओळखायला हवा. स्टेटसमध्ये मारहाणीचा उल्लेख असेल किंवा ‘आता सगळं संपवते’ अशी भाषा असेल, तर ते टोमणा समजू नका. सेटिंग, नियम सगळं बाजूला ठेवून लगेच तिच्याजवळ जा, तिला एकटं सोडू नका. मानसिक आधारासाठी टेलि-मानसचा 14416 आणि घरातल्या हिंसेसाठी महिला हेल्पलाइनचा 181 हे क्रमांक आहेत. जीवाला धोका असेल तर 112.