विद्यार्थी-प्रकल्प लोकांच्या कामी यावा म्हणून: हस्तांतर आधी ठरवा

तुमचा प्रश्न असा: दरवर्षी विद्यार्थी वस्तीत जाऊन प्रकल्प करतात, अहवाल उत्तम होतो, गुणही मिळतात, पण लोकांच्या हाती काहीच लागत नाही. मग चुकतं कुठे? बहुतेक वेळा चूक विषय निवडतानाच झालेली असते. सत्र संपल्यावर काम कोण सांभाळणार, म्हणजेच त्याचं हस्तांतर कोणाकडे होणार, हे न ठरवताच सुरुवात होते.

नेदरलँड्समधल्या विद्यापीठांत १९७०च्या दशकात ‘विज्ञान दुकानं’ निघाली. तिथे प्रश्न लोकांनी आणायचा आणि संशोधन विद्यापीठाने करायचं. प्रश्न घेताना तीन गोष्टी पाहिल्या जात: गटाकडे संशोधनासाठी पैसे नाहीत ना, निष्कर्ष धंद्यासाठी वापरला जाणार नाही ना, आणि उत्तर हाती आल्यावर त्याचा उपयोग करण्याइतकी त्या गटाची तयारी आहे ना. ही तिसरी अट आज सर्रास विसरली जाते. ‘पाणी खराब आहे का?’ एवढा प्रश्न पुरत नाही. आकडा मर्यादेबाहेर निघाला तर कोण, कोणाकडे, काय मागणार, हे दोन पानी करारात लिहून घ्या. माहितीची मालकी कोणाची, निकाल आधी कोणाला कळणार आणि नकोसा निकालही दाबायचा नाही, हेसुद्धा त्यातच यावं. माणसांची माहिती गोळा करणार असाल तर नैतिकता समितीची मंजुरी सत्राआधीच मिळवा, नाहीतर निम्मं सत्र तिची वाट पाहण्यातच जातं.

सत्र पंधरा-सोळा आठवड्यांचं धरलं, तरी ओळखीपाळखी, परीक्षा आणि लेखन वजा जाता प्रत्यक्ष कामाला आठ-नऊच आठवडे उरतात. तेवढ्यात मावेल एवढाच तुकडा उचला. काम मोठं असेल तर अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने १९९५मध्ये सुरू केलेल्या ‘एपिक्स’ची रचना पाहा. एकाच गटात वेगवेगळ्या वर्षांचे विद्यार्थी असतात, आणि तो गट त्याच संस्थेबरोबर अनेक सत्रं काम करतो. शेवटच्या वर्षाची मुलं गेली तरी कामाची माहिती असलेलं कोणीतरी मागे राहतं.

आता मोजणीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण चांगल्या हेतूचे प्रकल्प इथेच आपटतात. समजा, घरातल्या नळाच्या पाण्यात शिसं आणि जंतू दोन्ही तपासायचे आहेत. दोन्हींची पद्धत एकमेकांच्या अगदी उलट आहे. शिशासाठी नळ किमान सहा तास बंद हवा आणि पहिल्या धारेचंच पाणी भरायचं, कारण शिसं पाइपातून व जोडांतून साचलेल्या पाण्यात उतरतं. जंतूंसाठी नळाचं तोंड स्वच्छ करून नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचा आणि मग निर्जंतुक बाटली भरायची. पाणी क्लोरीनचं असेल तर बाटलीत आधीच क्लोरीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट असतं, म्हणून ती विसळायची नाही. काठोकाठही भरायची नाही, वर थोडी जागा सोडायची. मुलांनी आधी जंतूंची बाटली भरली, की त्या घरातला शिशाचा नमुना त्या दिवसापुरता वाया गेला. म्हणून पहाटे आधी शिसं, मग जंतू. जंतूंचे नमुने थंड पेटीत ठेवून शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांत प्रयोगशाळेत लागायला हवेत. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी नमुने घेऊ नका, कारण दुसऱ्या दिवशी ते तपासणीला लावायला कोणी नसतं. दर दहा नमुन्यांमागे एक जोड-नमुना (त्याच नळाचा त्याच वेळी घेतलेला दुसरा नमुना) आणि दर फेरीला एक कोरी बाटली (फक्त शुद्ध पाणी भरलेली) ठेवा. आकड्यांवर कोणी शंका घेतली तर तुमच्या बाजूने तेवढाच पुरावा असतो.

पद्धत नीट समजावून दिली तर नमुने लोक स्वतःच घेऊ शकतात. २०१५मध्ये अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या चमूने शिसं तपासण्याचे ३०० संच पाठवले. रहिवाशांनीच ते घरोघरी पोचवले आणि अडीचशेहून अधिक भरून परत आले. पाणी सुरक्षित असल्याचा अधिकाऱ्यांचा दावा त्या आकड्यांपुढे टिकला नाही. परक्या विद्यार्थ्यांनी दारं ठोठावून एवढा प्रतिसाद मिळणं कठीण.

निकाल शोधनिबंधाच्या आधी घरी पोचायला हवा. एक पान पुरे: तुमच्या नळाचा आकडा, मर्यादा आणि आज काय करायचं. हे न करणारा विभाग पुढच्या वर्षी बंद दारं पाहतो. शिवाय तीन विभाग एकाच कुटुंबाला तेच प्रश्न विचारत फिरतात. कोण कुठे काय विचारतंय याची विद्यापीठभर एकच नोंदवही ठेवली तर हा त्रास टळतो.

उपकरण बसवणार असाल तर हस्तांतर शेवटच्या दिवसावर ढकलू नका, तीन आठवडे आधीच करा. स्थानिक दोन माणसांनी ते उघडून, गाळणी बदलून, पुन्हा जोडून दाखवायचं. विद्यार्थ्यांनी हात पाठीमागे बांधून नुसतं पाहायचं. जिथे ती माणसं अडतात, तिथेच तुमची रचना किंवा माहितीपत्रक कच्चं आहे. ते दुरुस्त करायला अजून तीन आठवडे हाताशी असतात. सुटे भाग जवळच्या बाजारात मिळतील असेच निवडा. संवेदक (मोजमाप करून आकडे पाठवणारे सेन्सर) असतील तर सिमकार्ड आणि खाती संस्थेच्या नावावर काढा. विद्यार्थ्याच्या विद्यापीठीय ई-मेलवर काढलेलं खातं पदवीनंतर बंद होतं आणि चालू यंत्राचे आकडे कोणालाच दिसत नाहीत.

गुणांपैकी निदान एक चतुर्थांश या हस्तांतरासाठी ठेवा आणि ते देताना संस्थेचं मत विचारा.