सही तुमची आहे, ताई

पत्र, थोडक्यात: मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका मंडळीची, म्हणजे चर्चची, खजिनदार. आमच्या पाळकसाहेबांचा संदेश ऐकायला शेजारच्या गावांतून लोक येतात. पण मंडळीच्या पंचांशी ते अरेरावीने बोलतात, आजाऱ्यांच्या घरी फिरकत नाहीत. नाताळपासून दानार्पणही एकटेच घरी नेऊन मोजतात, मी सोमवारी वहीत सही करते. यजमान म्हणतात, परमेश्वराच्या अभिषिक्ताला, म्हणजे त्याने नेमलेल्या माणसाला, नावं ठेवू नयेत. पाळकांना कृतीवरून पारखणं पाप आहे का?

ताई, सलाम.

चार पानांच्या पत्रात पाळकसाहेबांचा स्वभाव पानोपानी आहे आणि सहीचं वाक्य एकच. मी तिथेच अडकले. स्वतः न मोजलेल्या पैशांखाली तुम्ही नाव घालता, दर सोमवारी. त्यांच्या कृतीचं मग बघू. ही कृती तुमची आहे.

खरं सांगते, मला राग आला. रोजंदारीतून दशांश बाजूला काढणारी बाई तुमच्या भरवशावर पाकीट टाकते. येशू मंदिरातल्या भांडारासमोर बसून कोण काय टाकतं ते बघत होता. विधवेच्या दोन टोल्या, अगदी क्षुल्लक नाणी, त्यासुद्धा त्याच्या नजरेतून सुटल्या नाहीत. तुम्ही तर वहीच तपासत नाही.

यजमानांना बायबलमधला 1 शमुवेल 24 वाचून दाखवा. शौल राजा दावीदाच्या जिवावर उठला होता, पण तो अभिषिक्त, म्हणून दावीदाने गुहेत त्याच्यावर हात टाकला नाही. पण दावीद गप्प राहिला का? शौल बाहेर पडताच त्याने मागून हाक मारली, झग्याचा कापलेला काठ दाखवला आणि माझ्या जिवावर का उठलास, असं तोंडावर विचारलं. आणि ‘दोष काढू नका’ हे मत्तय 7 च्या पहिल्या वचनात आहे, तर फळांवरून, म्हणजे कृतीवरून, ओळखण्याचं सोळाव्या. त्यामुळे पारखणं पाप नाही.

करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा 8 वा अध्यायही बघा. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी प्रेषित पौल वर्गणी गोळा करत होता. त्याच्यावर कोण संशय घेणार होतं? तरी त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ जोडून दिला. एवढ्या मोठ्या रकमेवरून कुणी बोट दाखवू नये, प्रभूसमोर आणि माणसांसमोरही व्यवहार चोख असावा, असं तो स्वतःच लिहितो. प्रेषित असून त्याने एकट्याने पैसा हाताळला नाही. मग आपल्या पाळकसाहेबांनी का हाताळावा?

येत्या रविवारी उपासना संपली की पेटी तिथेच टेबलावर उघडा. दोन पंच शेजारी बसवा, मोजा, आकडा लिहा, तिघांनी सह्या करा. साहेब पेटी उचलू लागले तर एवढंच म्हणा, ‘साहेब, मोजल्याशिवाय मी सही करणार नाही.’ रागावले तर रागावू देत. त्यांचा संदेश कितीही गोड असो, त्या टेबलापाशी ते कसे वागतात ते डोळे उघडे ठेवून बघा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळेल.

आणि मागच्या सोमवारांच्या सह्यांचं पंचांना तुम्हीच सांगा, रविवारच्या आधी. जड जाईल, कळतं मला. एकट्या जाऊ नका, यजमानांना सोबत घ्या. रविवारी काय झालं ते कळवा, मी वाट बघते.