शेजारचा कुत्रा भुंकतो तेव्हा

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं भुंकण्याबद्दलची आहेत. काही वैतागलेल्या शेजाऱ्यांची, काही कुत्रा पाळणाऱ्यांची. कुत्र्याला 'वाईट सवय' लागली आहे आणि ती मोडायची कशी, हे दोन्ही बाजूंनी विचारलंय. हाच गैरसमज दवाखान्यातही रोज ऐकतो, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

खालच्या मजल्यावरचं बीगल सकाळपासून भुंकतं. सर्वसाधारण सभेत ठराव करून कुत्र्यांवर बंदी घालता येईल का?

नाही. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही. मात्र कुत्र्याचा इतरांना, विशेषतः रात्री, त्रास होऊ नये याची काळजी मालकाने घ्यावी, असंही त्याच सूचनांमध्ये आहे. आठवडाभर वेळा लिहून ठेवा: किती वाजता सुरू झालं, किती वेळ चाललं, तेव्हा जिन्यात किंवा लिफ्टपाशी कोणी होतं का. ते टिपण घेऊन आधी मालकाकडे जा. 'तुमचा कुत्रा फार भुंकतो' यावर वाद होतो, 'सव्वानऊ ते दहा, तुम्ही गेल्यावर लगेच' यावर बोलणं होतं. पुढे कायदेशीर पाऊल उचलायचंच असेल तर वकिलांना विचारून उचला.

आम्ही दोघं नोकरी करतो. घरी असताना आमचा लॅब्रेडॉर अगदी शांत असतो. शेजारी म्हणतात, तो दिवसभर ओरडतो. ते उगाच भांडण उकरून काढतायत असं वाटतं.

शेजारी खरं सांगत असण्याची शक्यता जास्त आहे. उद्या निघताना जुना मोबाईल रेकॉर्डिंगवर लावून हॉलमध्ये ठेवा आणि संध्याकाळी दोघांनी बसून ऐका. अशी रेकॉर्डिंग्ज मी बरीच ऐकली आहेत. किल्ल्यांचा आवाज, दार बंद, लिफ्टचं दार. मग थोडी शांतता, मग बारीक कण्हणं, आणि अर्ध्या तासाच्या आत भुंकणं सुरू. मधेच दारावर नखं घासल्याचा आवाज येतो. परत आल्यावर दाराच्या चौकटीवर ओरखडे, लाळेने ओली झालेली फरशी, सकाळी दिलेला खाऊ तसाच पडलेला, हे दिसलं तर तो मस्ती करत नव्हता, घाबरला होता. एकटं राहण्याची ही भीती हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

घरी आल्यावर त्याला रागावू नका. सकाळी केलेल्या गोष्टीचा ओरडा संध्याकाळी त्याला कळत नाही, फक्त तुमच्या येण्याचीही धास्ती बसते. खोलीत किंवा पिंजऱ्यात कोंडलं तर अशी कुत्री दात आणि नखं तुटेपर्यंत धडपडतात. एकटं राहायला त्याला शिकवावं लागतं. आधी दाराबाहेर काही सेकंद, तो शांत राहिला तर मिनिट, मग थोडं अधिक. हे चालू असताना त्याला दिवसभर एकटं टाकून चालत नाही. आजी-आजोबा, ओळखीतलं कोणी, कुत्रे सांभाळणारी जागा, काहीतरी सोय करावीच लागते. काहींना सोबत औषधं लागतात. ती काम करतात, पण परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि ती डॉक्टरांनी तपासूनच द्यायची असतात.

माझी खरी तक्रार उशिराची आहे. लोक येतात ते सोसायटीची नोटीस हातात पडल्यावर. तोवर कुत्र्याने वर्ष-दोन वर्षं रोज ही भीती काढलेली असते आणि मग आठ दिवसांत भुंकणं बंद करून मागतात. काही जण तर बाल्कनीत बांधून जातात. खाली जाणारा प्रत्येक माणूस, प्रत्येक स्कूटर त्याला दिसते, आणि तिथपर्यंत पोचता येत नाही. दुसरं काय करणार तो? १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर तीही क्रूरता धरली आहे. दिवसाकाठी दहा मिनिटं शी-शूसाठी खाली नेणं म्हणजे फिरवणं नव्हे. रेकॉर्डिंग ऐकलंत की त्याच आठवड्यात पशुवैद्यकाची वेळ घ्या आणि ते रेकॉर्डिंग सोबत आणा.

भुंकलं की आपोआप बंद करणारं अल्ट्रासोनिक यंत्र ऑनलाइन मिळतं. भिंतीच्या आमच्या बाजूला लावावं का?

पैसे वाया घालवू नका. माणसाला २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचंही. पण असा आवाज भिंतीपलीकडे फारसा पोचतच नाही, आणि पोचला तर घाबरलेला कुत्रा आणखी घाबरतो. करंटचे पट्टे विकणाऱ्यांचंही तेच. भुंकणं दबतं, भीती तशीच राहते, आणि काही कुत्री मग न भुंकता थेट चावतात. 'सात दिवसांत खात्री'वाल्या ट्रेनरला आधी विचारा, चुकल्यावर कुत्र्याला काय करता? उत्तर पट्ट्याचं किंवा काठीचं असेल तर निघून या.

त्याच्या खाण्यात झोपेची गोळी मिसळली तर?

अजिबात नाही. तुम्ही शेजारी असाल तर हा गुन्हा ठरू शकतो, मालक असाल तर जिवाशी खेळ. माणसांची औषधं कुत्र्याला अंदाजाने देऊच नका.

नसबंदी केल्यावर भुंकणं थांबेल का?

सहसा नाही. नसबंदीची कारणं वेगळी आहेत, ती तुमच्या डॉक्टरांशी बोला.

रात्री कुत्रा रडला की घरात वाईट घडतं, असं सासूबाई म्हणतात. शेजारची तेरा वर्षांची कुत्री रोज रात्री रडते.

वाईट घडत असेल तर त्या कुत्रीच्या बाबतीत. म्हातारपणी सांधे दुखतात, नजर आणि कान मंदावतात, काहींचा मेंदू थकतो. मग रात्री ती उठून कोपऱ्यात तोंड करून उभी राहतात आणि ओरडतात. वेदना आणि गोंधळ, दोन्हींवर काही ना काही करता येतं. सासूबाईंना समजावून सांगा, आणि शेजाऱ्यांना तिची तपासणी करून घ्यायला सांगा. भीड बाळगू नका, बऱ्याचदा मालकाला 'वय झालंय' एवढंच वाटत असतं.

आमचा लॅब्रेडॉर अकरा वर्षांचा आहे. भुंकणं कमी झालंय, पण आवाज घोगरा येतो. शेजारी खूश आहेत. काळजीचं काही?

आहे. म्हाताऱ्या लॅब्रेडॉरमध्ये स्वरयंत्र नीट उघडेनासं होतं, तेव्हा आधी आवाज बदलतो, मग चालताना श्वासाचा घरघराट येतो. उन्हात हे जिवावर बेतू शकतं. या आठवड्यात दाखवा, तोवर दुपारचं फिरणं बंद, आणि गळ्यातला पट्टा काढून छातीचा पट्टा घाला. जीभ जांभळी दिसली किंवा श्वास ओढू लागला तर वेळ घेत बसू नका, सरळ दवाखान्यात न्या. आवाज अचानक बदलला, लाळ गळतेय, गिळता येत नाही, वागणं विचित्र झालं, किंवा रेबीजची लस चुकली असेल, तर घशात काही अडकलंय का हे बघायला तोंडात हात घालू नका. डॉक्टरांना आधी फोन करून लक्षणं सांगा.