रेझिन घ्यावी की व्हिनाइल? बाहुल्या जमवणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : पहिलीच बॉल-जॉइंटेड, म्हणजे गोळ्यांच्या सांध्यांची बाहुली घ्यायची आहे, ६० सेंटिमीटरच्या आसपासची. रेझिनची तीच खरी, व्हिनाइलची म्हणजे तडजोड, असं सगळे सांगतात. तसंच आहे का? (कोथरूड)

उत्तर : नाही. व्होल्क्स या जपानी कंपनीने १९९९ मध्ये रेझिनची सुपर डॉल्फी आणली आणि २००३ मध्ये त्याच कंपनीने व्हिनाइलची डॉल्फी ड्रीम काढली. रेझिन म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेलं कडक प्लास्टिक, व्हिनाइल मऊ असतं. दोन्हींची रचनाच वेगळी आहे. रेझिनची बाहुली आतून पोकळ असते आणि तिचे सगळे अवयव ताणलेल्या इलॅस्टिकवर एकमेकांना धरून राहतात. व्हिनाइलच्या कातडीखाली प्लास्टिकचा सांगाडा असतो, त्याचे सांधे घर्षणावर थांबतात.

याचा परिणाम हाताळताना लगेच कळतो. व्हिनाइलची बाहुली हलकी असते, हात जिथे ठेवाल तिथे राहतो, चुकून खाली पडली तर बहुतेक वेळा नुसती उचलून ठेवायची. त्याच उंचीची रेझिनची बाहुली दोन किलोच्या घरात जाते आणि फरशीवर पडली तर बोट किंवा कान तुटू शकतो. मात्र रेझिनवर कोरीवकाम रेखीव उतरतं आणि रंग आरपार एकच असल्याने घासता येतं, कोरता येतं, चेहरा पुसून पुन्हा रंगवता येतो. तेव्हा कपडे बदलायचे आणि पाषाण तलावावर नेऊन फोटो काढायचे असतील तर व्हिनाइल घ्या. चेहऱ्यावर स्वतः काम करायचं असेल तर रेझिन. दोन्ही करायचं असेल तरी पहिली व्हिनाइलची बरी. दोन किलोची बाहुली एका हाताने उभी धरून दुसऱ्या हाताने कॅमेरा सांभाळणं कठीण जातं.

प्रश्न : रेझिन पिवळं पडतं म्हणतात. आमचा दिवाणखाना पूर्वेला आहे, कपाट काचेचं आहे. काच असल्यावर चालेल ना? (सहकारनगर)

उत्तर : चालणार नाही. साध्या काचेतून अतिनील किरणांचा मोठा भाग आत येतो आणि पॉलियुरेथेन रेझिनला पिवळं पाडणारे तेच असतात. खिडकीला यूव्ही फिल्म, म्हणजे अतिनील किरण अडवणारा पातळ पडदा, लावा किंवा कपाट उन्हाच्या रेषेतून हलवा. अंधारातही रेझिन हळूहळू पिवळं होतंच, फक्त वेग फार कमी असतो. पांढऱ्या छटेवर ते आधी दिसतं.

त्याहून मोठी अडचण असमान पिवळेपणाची. कपडे घातलेल्या बाहुलीचे डोकं आणि हात बदलतात, धड मूळ रंगाचं राहतं. मग कंपनीकडून नवा हात मागवला तरी तो जुळत नाही. फार दिवस उघड्यावर ठेवणार असाल तर चेहऱ्यावर कापड टाका. चेहऱ्याच्या रंगावर मारलेल्या सीलंटच्या संरक्षक थरात ‘यूव्ही कट’, म्हणजे अतिनील किरण अडवणारा घटक, असला तरी तो थोडाच वेळ मिळवून देतो.

प्रश्न : जुन्या पैठणीच्या काठाची साडी शिवून व्हिनाइलच्या बाहुलीला नेसवली. पंधरा दिवसांनी पाहिलं तर मांडीवर जांभळट डाग. साबणाने जात नाही. (सदाशिव पेठ)

उत्तर : जाणार नाही, कारण डाग वर बसलेला नाही, आत शिरला आहे. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. ते मऊ ठेवण्यासाठी घातलेल्या प्लास्टिसायझरमध्ये कापडाचा सुटा रंग मिसळतो आणि आत पसरतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात हे आणखी लवकर होतं.

औषधाच्या दुकानात मुरुमांसाठी मिळणारं बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल आणा, अडीच किंवा पाच टक्क्यांचं. ते फक्त डागावर जाडसर लावा, सुकू नये म्हणून वर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळा आणि भाग उजेडात ठेवा. दोन-तीन तासांनी पुसून बघा, मग पुन्हा लावा. पाच टक्क्यांनी जुना डाग निघायला अनेक फेऱ्या लागतात. घाई करून रात्रभर ठेवू नका. जेल रंग उडवतं, त्यात बाहुलीचा स्वतःचा रंगही आला, आणि जांभळ्या डागाच्या जागी पांढरट ठिपका मिळेल. रंगवलेल्या चेहऱ्याजवळ तर अजिबात नको. अॅसिटोन, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर, व्हिनाइलला लावू नका. पृष्ठभाग चिकट होऊन खराब होतो.

पुढच्या वेळी शिवण्याआधी कापड गरम पाण्यात भिजवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. नंतर ओलं पांढरं सुती कापड त्यावर ठेवून इस्त्री दाबा. पांढऱ्यावर किंचितही रंग उतरला तर त्या कापडाखाली पांढरं अस्तर हवं. काळा, गडद लाल आणि निळा या तिघांवर विश्वास ठेवूच नका. फोटो झाले की साडी सोडवून ठेवा. रेझिनवर असा डाग बहुधा वरच राहतो. पाण्याखाली १००० मग २००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासता येतो, पण कोरडं घासू नका, ती धूळ फुफ्फुसाला वाईट. एन-९५ मास्क घालाच.

प्रश्न : रेझिनची ४२ सेंटिमीटरची बाहुली उभी राहीना. गुडघे एकदम लाथ मारल्यासारखे उडतात. इलॅस्टिक बदलावं का? (औंध)

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. डोकं आणि हात लोंबत असतील तर इलॅस्टिक सैल झालं आहे. सांधा उडत असेल तर सहसा गुळगुळीत रेझिन रेझिनवर घसरतं आहे, आणि इलॅस्टिक आणखी घट्ट केलं तर ते वाढेलही. आधी सांध्याच्या खोबणीच्या आतल्या बाजूला पातळ स्वेड, म्हणजे खरबरीत लवदार चामड्याचा गोल तुकडा चिकटवा आणि बघा.

तरीही इलॅस्टिक बदलायचं असल्यास त्या मापाला ३ मिलिमीटर जाडीचं गोल इलॅस्टिक लागतं, ६० सेंटिमीटरच्या बाहुलीला ४ ते ५. काढण्याआधी प्रत्येक पायरीचा फोटो घ्या. बहुतेक बाहुल्यांत हातांचा एक फास छातीतून आडवा जातो. पायांचा लांब फास मानेच्या एस-हूकपासून (इंग्रजी एस आकाराच्या आकड्यापासून) दोन्ही घोट्यांपर्यंत. जुना फास वापराने लांबलेला असतो, म्हणून नवा त्यापेक्षा थोडा आखूड बांधा. गाठीपुढे ३-४ सेंटिमीटर शेपूट ठेवा आणि जोडून बघितल्यावरच कापा. फास बाहेर ओढायला वाकवलेली तार लागते. ओढलेला फास परत आत जाऊ नये म्हणून त्यातून पेन्सिल आडवी घाला. सुटला तर बोटावर सपकन बसतो. हूक तुटला असेल तर रविवार पेठेतून स्टेनलेस स्टीलची तार आणून पकडीने वाकवा. लोखंडी नको, पावसाळ्यात गंजून रेझिनला डाग पडतो.

प्रश्न : पावसाळ्यात काय करावं? आणि चेहरा रंगवायला कोणता महिना बरा? (धायरी)

उत्तर : व्हिनाइलची बाहुली थर्मोकोलच्या खोक्यात थेट ठेवू नका. प्लास्टिसायझर थर्मोकोल विरघळवतो आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, केसांचा टोप वेगळा ठेवा. चेहरा दिवाळीनंतर रंगवा. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत सीलंटचा स्प्रे पांढरट पडतो आणि सगळं पुसून पुन्हा करावं लागतं. स्प्रेला एन-९५ पुरत नाही, वाफा अडवणारा काडतुसाचा मास्क हवा, आणि जागा गच्ची किंवा बाल्कनी. रेझिनचा जुना चेहरा आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो.

प्रश्न : परदेशातून मागवताना कस्टममध्ये अडकते का? (वाकड)

उत्तर : अडकू शकते. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचं आहे आणि खोक्यावर ‘डॉल’ दिसलं की तपासणारा तेच गृहीत धरतो. विक्रेत्याला बिलावर प्रौढ संग्राहकांसाठीची वस्तू, वयोगट १५ च्या पुढे, असं स्पष्ट लिहायला सांगा. किंमत खरीच लिहायला लावा. कमी दाखवली तर पार्सल हरवल्यावर भरपाईही तेवढीच मिळते. सीलंटचा स्प्रे त्याच पार्सलमध्ये घालू देऊ नका, दाबाखालचे ज्वलनशील डबे विमान टपालाने जात नाहीत आणि त्यापायी बाहुलीही परत जाते.