पुणे ते गोवा सायकलवर? आधी एवढं करा

डिसेंबरात चौघं मिळून निघताय, मस्त! नवी सायकल घेऊ नका, आहे तीच नीट करून घ्या. सगळ्यात महत्त्वाची सीटची उंची. पेडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी गुडघे बोलायला लागतात.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- सराव रिकाम्या सायकलवर. कात्रजचा घाट सामान लादून चढा, तेही सलग शनिवार-रविवार.
- पाठीवर सॅक. ओझं कॅरिअरवर बांधा.
- पंक्चर काढणारा एकच. प्रत्येकाला यायला हवं.

वेग सगळ्यात हळू मित्राचा धरायचा. हे पुण्यातच ठरवा. भांडणं घाटात होतात.